गाई किती ते विचारायचं नसतं

फॉर्म एका पानाचा होता. मागची बारीक अक्षरं धरली तर दीड पानाचा. आणि त्या दीड पानासाठी मार्लिस वाव्रा आज चौथ्यांदा गावाला निघाली होती. पंचेचाळीस मैल जायचं, पंचेचाळीस मैल यायचं, आणि आज शेवटची तारीख.

पहिल्या खेपेला ऑफिसला कुलूप होतं. काचेवर चिठ्ठी: साथीमुळे आत येऊ नये, फोन करून वेळ घ्यावी. दुसऱ्या खेपेला वेळ घेतली, तर सासऱ्याला ऐन निघताना आठवलं की पवनचक्कीखालचा हौद गळतोय, आणि तो गाडीतून उतरून जो गेला तो संध्याकाळी उगवला. सहीच नाही तर फॉर्म घेऊन काय करायचं, कप्पाळ? तिसऱ्या खेपेला सही होती, तारीख होती, पत्ता होता, फक्त गुरांचा रकाना कोरा होता. "सरकारला सगळं ठाऊक असतं," म्हातारा म्हणाला होता, "त्यांचं त्यांनी भरावं." शेतकी ऑफिसातल्या लव्हॉनने तो फॉर्म काचेच्या फटीतून जसाच्या तसा परत सरकवला. सत्तावीस वर्षं ती त्या टेबलावर बसलेली, त्यामुळे ती काही बोललीसुद्धा नाही.

झालं होतं असं की त्या वसंतात कत्तलखान्यांतली माणसं साथीने आजारी पडली, कारखाने बंद झाले, आणि दुकानात मांस महाग होत असताना इकडे गुरांना कोणी विचारेना. भाव पार कोसळला. मग सरकारने मदत जाहीर केली. एप्रिलच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंतचा कुठलाही एक दिवस निवडा, त्या दिवशी लहानमोठी मिळून तुमच्याकडे किती गुरं होती ते लिहा, सही करा. दाखले नकोत, पावत्या नकोत. तुमचा शब्द पुरे. इतकी सोपी योजना सरकारने कधी काढली नसेल, आणि नेमका प्रश्न असा विचारला की जो या टेकड्यांत कोणी कोणाला विचारत नाही.

तुझी गुरं किती, हे इथे विचारायचं नसतं. बँकेत किती आहेत असं तोंडावर विचारल्यासारखं ते होतं. शेजारी चाळीस-चाळीस वर्षं एकमेकांच्या डागणीला, म्हणजे वासरांवर तापल्या लोखंडाने मालकाची खूण उठवायला जातात, वासरं पाडून धरतात, धुरात खोकतात, मग एका टेबलावर बसून जेवतात. पण आकड्याचं नाव काढत नाहीत. फारच कोणी नवखा असला आणि त्याने विचारलंच, तर "आहेत थोडीफार," नाहीतर "कुंपणात मावतात तेवढी," एवढंच उत्तर मिळतं. मार्लिसचा सासरा, ऑर्विल वाव्रा, याच्याही पुढचा. तो घरातसुद्धा सांगत नसे. वासरं कधी झाली, किती झाली, याची वही मार्लिस ठेवायची, तिला आकडा पाठ होता, वेंडेलला म्हणजे तिच्या नवऱ्याला पाठ होता. पण जेवणाच्या टेबलावर तो कोणी उच्चारायचा नाही. असला हा कारभार.

पण मार्लिसला त्या आकड्याचं काही पडलेलं नव्हतं. तिचं घोडं अडलं होतं ते चौदा नंबरच्या रकान्यावर. या गुरांत कोणाकोणाचा हिस्सा आहे? नावं आणि टक्के लिहा.

हा प्रश्न अठ्ठावीस वर्षांत कोणी विचारला नव्हता. ती लग्न होऊन आली तेव्हा बापाने तिच्याबरोबर बारा कालवडी दिल्या होत्या, तांबड्या, पांढऱ्या तोंडाच्या, एकीपेक्षा एक. त्यांच्यासाठी बापाच्या घरचा डागही दिला होता. पहिल्या डागणीला ती ते लोखंड घेऊन उभी राहिली, तर ऑर्विल म्हणाला, "एका कुरणात दोन डाग कशाला? नुसता गोंधळ. टांगून ठेव ते." तिने टांगलं. तेव्हापासून तिच्या गाईंच्या वासरांच्याही पाठीवर वाव्रांचाच डाग बसत आला. दर शरदात वासरं बाजारात जायची आणि एकच चेक यायचा, ऑर्विलच्या नावाचा. किराणा ऑर्विल भरायचा, घराचं छप्पर ऑर्विलने घातलं, आणि बूट फाटले तरी ऑर्विललाच सांगायला जायचं. वेंडेलला महिन्याला पगार, गड्याला देतात तसा. शाळा सुटल्यापासून तो राबत होता, आज छप्पन्नाचा झाला, आणि कागदावर त्याच्या नावाचं एक शेपूट नव्हतं.

ऑर्विल चौऱ्याऐंशीचा. त्याचं काही बरंवाईट झालं की तिन्ही मुलांना सारखी वाटणी. धाकटा कर्ट डेन्व्हरला दातांचा डॉक्टर, बहीण जनेल तिकडे फिनिक्सला. माणसं वाईट नाहीत दोघंही, पण त्यांना गाई काय करायच्या? सारखी वाटणी म्हणजे विक्री. कुरणं जाणार, गुरं जाणार, आणि वेंडेल म्हातारपणी दुसऱ्याच्या कुंपणाचे खांब रोवत बसणार. मार्लिसला हे रोज भांडी घासताना दिसायचं. म्हणून तिला तो रकाना भरून हवा होता. एकदा सरकारी कागदावर, म्हाताऱ्याच्या सहीवर, तिचं आणि वेंडेलचं नाव आलं असतं तर उद्या कर्ट-जनेलसमोर ठेवायला काहीतरी असलं असतं.

"आज तू बोलायचंस," सकाळी तिने वेंडेलला बजावलं.

"गवताचं आटपू दे."

"गवताचं आटपलंय."

"मग वासरं आईपासून तोडून झाली की बोलतो."

"गेल्या वर्षी म्हणालास, वीण होऊ दे. त्याच्या आदल्या वर्षी पूर ओसरू दे. अरे वेंडेल, तू नक्की कोणाच्या मरणाची वाट बघतोयस, त्यांच्या की स्वतःच्या?"

वेंडेलने टोपी घातली आणि बाहेर जाऊन पिकअपच्या टायरांची हवा बघत बसला. असा त्याचा स्वभाव. भांडायला गेलं तर समोर माणूसच नाही.

गाडी म्हाताराच चालवायचा. मधे मार्लिस, मांडीवर फॉर्मची फाइल, आणि दाराशी वेंडेल, कारण दाराशी बसेल त्याने उतरून फाटकं उघडायची हा नियम. डांबरी रस्त्यापर्यंत चार फाटकं. छप्पन्न वर्षांचा बाप्या चार वेळा उतरला, चार वेळा चढला.

म्हातारा फॉर्म भरायला शेवटी का तयार झाला, तेही ऐकण्यासारखं आहे. तीन महिने त्याचं एकच पालुपद: "मला सरकारची भीक नको." मग त्याला कुठूनतरी कळलं की ओमाहा शहरातून येऊन राहिलेल्या त्या दोन वकिलांनाही मदत मिळाली.

"अकरा मेंढ्या!" तो आत्ताही स्टिअरिंगवर हात आपटत होता. "अकरा! आणि प्रत्येकीला नाव आहे, ठाऊक आहे का तुला? एकीचं नाव डचेस! तिला हिवाळ्यात स्वेटर घालतात! मेंढीला स्वेटर! आणि सरकार त्यांना पैसे देतंय!"

"डॅड, तो चौदा नंबरचा रकाना आहे ना..." मार्लिसने सुरुवात केली.

"मेंढीच्याच लोकरीचा असेल स्वेटर. म्हणजे आधी काढायची आणि मग परत घालायची."

"डॅड, हिश्श्याचं लिहायचं आहे त्यात. वेंडेलचं नाव..."

"फाटक आलं," म्हातारा म्हणाला.

वेंडेल उतरला. त्याने कान लाल झाल्याचं कोणाला दिसू नये म्हणून फाटक अंमळ जास्तच वेळ धरून ठेवलं. मार्लिसने फाइल मांडीवर अशी दाबली की तिचा कोपरा दुमडला.

ऑफिसच्या आवारात पोचले तेव्हा साडेतीन वाजले होते. लव्हॉन मागच्या दाराने बाहेर आली. तोंडावर सूर्यफुलांचा मास्क, एका हातात पॅड, दुसऱ्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत घातलेलं पेन. आत कोणाला घ्यायची परवानगी नव्हती, म्हणून कामं अशी गाडीच्या खिडकीशीच चालायची. म्हाताऱ्याने खिशातून मास्क काढून चढवला. मास्कची दोरी कानातल्या यंत्रात अडकते म्हणून यंत्र घरी ठेवून आलेला. म्हणजे समोरच्याचे ओठ झाकलेले, याच्या कानात यंत्र नाही. आता बोला!

"ऑर्विल, तेवढा आकडा राहिलाय बघा," लव्हॉन वाकून मोठ्याने म्हणाली.

म्हातारा उजवीकडे वळला. "उतरा दोघं."

"काय?" मार्लिस म्हणाली.

"उतरा म्हणतो ना. आकडा सांगायचाय मला."

"अहो डॅड, त्या गाईंची वेतं मी लिहिते! रात्री दोनला बॅटरी घेऊन मी..."

"तिच्या कामाची गोष्ट आहे, तिला सांगतो. तुम्ही उतरा."

उतरले. काय करतात? सप्टेंबरचा वारा सुटलेला, आवारात धूळ, आणि नवरा-बायको दोघं शाळेतून वर्गाबाहेर काढल्यासारखे बॉनेटसमोर उभे. मार्लिसला त्या क्षणी सगळ्यांचा वैताग आला होता. म्हाताऱ्याचा, त्या मास्कचा, ओमाहाच्या मेंढ्यांचा, आणि सगळ्यात जास्त शेजारी उभ्या असलेल्या माणसाचा, जो आताही रस्त्यापलीकडच्या पेंडीच्या दुकानाची पाटी वाचत होता, जणू ती आज नवीन लागली होती.

"बघ तू," ती दातओठ खात म्हणाली, "शंभर टक्के स्वतःच्या नावावर लिहिणार ते. आणि तू पाटी वाच."

"जोरात नको बोलूस."

"त्यांना ऐकू येत नाही, वेंडेल! कुणालाच ऐकू येत नाही माझं!"

इतक्यात म्हाताऱ्याने लव्हॉनच्या कानाशी लागून आकडा सांगितला. बहिऱ्या माणसाने गुपित सांगितलं की काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे.

"सातशे ब्याण्णव!"

पेंडीच्या दुकानाच्या पायरीवर दोघे जण कॉफी पीत होते. त्यांनी एकदम माना फिरवल्या आणि मग सभ्यपणे आभाळाकडे बघायला लागले.

मार्लिसच्या डोक्यात मात्र वेगळंच सुरू झालं. सातशे ब्याण्णव? तिच्या वहीत मेच्या चौदा तारखेला आठशे एकाहत्तर होती. कालच तिने बेरीज घातली होती, दोनदा. म्हातारा कमी सांगतोय? स्वतःच्या नुकसानीत? तिने मनातल्या मनात वजाबाकी केली. एकोणऐंशी. आणि एकोणऐंशीची फोड तिला वेगळी करावी लागली नाही. एक्केचाळीस गाई आणि अडतीस वासरं. तिच्या बारा कालवडींची ती पिलावळ होती. दर वर्षी वीण संपली की ती तेवढ्यांची वेगळी बेरीज घालायची, पेन्सिलीने, बारीक, आणि मग खोडरबराने पुसून टाकायची.

ती खिडकीशी गेली.

"डॅड, एकोणऐंशी कुठे गेली?"

"मार्लिस, मी काही ऐकलेलं नाही," लव्हॉन घाईघाईने म्हणाली, "आणि तूही ऐकलेलं नाहीस. हे सगळं गुप्त असतं."

"एकोणऐंशी गुरं कमी आहेत, डॅड!" मार्लिस ओरडली.

म्हाताऱ्याने मास्क हनुवटीवर ओढला. "कमी कशी? तुझी तू लिही ना. तुझी गुरं माझ्या फॉर्मवर लिहून मी तुरुंगात जाऊ का? खाली काय छापलंय वाच. खोटं लिहिलं तर दंड आहे."

मार्लिसला आधी कळलंच नाही. "माझी?"

"मग कोणाची? तुझ्या बापाने दिली होती ना?" त्याने शर्टच्या खिशातून लाल कातडी कव्हरची छोटी वही काढली, अंगठा थुंकीने ओला करून पानं उलटली आणि एक पान तिच्या नाकासमोर धरलं. वर तिचं नाव होतं. खाली सालं होती. ब्याण्णव: बारा. त्र्याण्णव: बारा. चौऱ्याण्णव: चौदा. एका साली आकडा खाली गेला होता, तिथे शेजारी लिहिलं होतं, 'वीज पडली, तीन'. शेवटची ओळ एक्केचाळीस, अडतीस.

"पण डाग तर तुमचा आहे त्यांच्यावर!"

"डाग चोरांसाठी असतो. घरच्यांसाठी कशाला?"

"आणि चेक? अठ्ठावीस वर्षांचे चेक?"

"घराला छप्पर कोणी घातलं? तुझ्या पोरीची कॉलेजची फी कोणी भरली? मी तुला लिहून द्यायला पाहिजे होतं का?"

"हो!" मार्लिस किंचाळली. "हो, लिहून द्यायला पाहिजे होतं! निदान सांगायचं तरी होतं!"

"तू विचारलंस कधी?"

"विचारायचं नसतं ना!"

"नसतंच," म्हातारा शांतपणे म्हणाला. "म्हणून मीही सांगितलं नाही."

आता याला काय म्हणावं? लव्हॉन पॅडवर काहीतरी फार महत्त्वाचं वाचत असल्यासारखी खाली बघत होती. मार्लिसला रडू आलं होतं आणि त्याच वेळी ती लाल वही घेऊन म्हाताऱ्याच्या टाळक्यात हाणावीशी वाटत होती, आणि दोन्हींत दुसरंच जास्त वाटत होतं. अठ्ठावीस वर्षं ती मोरीशी उभी राहून या माणसाला मनातल्या मनात चोर म्हणत आली होती. आणि हा माणूस अठ्ठावीस वर्षं खिशात तिच्या गाई घेऊन हिंडत होता. एक वाक्य बोलला असता तर काय जीभ झिजली असती?

पण तिच्या गाई तिच्या होत्या. कागदावर होत्या, त्याच्या हाताने लिहिलेल्या. हे एवढं तिच्या लक्षात आलं आणि तिला इतकं हलकं वाटलं की तिने मागे वळून वेंडेलकडे बघितलं, हसून.

"बरं ऑर्विल," लव्हॉनने घसा साफ करून कागद पुढे केला आणि बोट ठेवून मोठ्याने विचारलं, "चौदा नंबर. तुमच्या सातशे ब्याण्णवमध्ये अजून कोणाचा हिस्सा?"

"कोणाचा नाही."

"वेंडेलचा?"

"वेंडेलचा कसा असेल?" म्हाताऱ्याला खरंच नवल वाटलं होतं. "मार्लिसने गाई आणल्या. वेंडेलने काय आणलं? तो तर इथेच जन्मला."

वेंडेल बॉनेटशी उभा होता. एवढ्या मोठ्या आवाजात बोललेलं त्याला ऐकू न येण्याचा प्रश्नच नव्हता. त्याने टोपी काढली, आतल्या पट्टीवरचा घाम बोटाने पुसला आणि टोपी परत घातली. मार्लिसचं हसू तोंडावर होतं तिथेच वाळलं.

"डॅड, तो राबतो म्हणून तुमचं चाललंय," ती मोठ्याने म्हणाली.

"पगार देतो मी त्याला. एक महिना चुकवलेला नाही. आणि मी गेल्यावर त्याचंच आहे की."

"तिसरा हिस्सा. विकल्यावर."

"ते वकील बघतील."

ती अजून काही बोलणार होती. पण त्या तोंडाकडे बघितल्यावर तिला कळून चुकलं की या माणसाला यात काही वावगं दिसतच नाहीये. सून बाहेरून आली, तिने काय आणलं ते त्याने पैन् पै लिहून ठेवलं. मुलगा घरचा, त्याचं काय लिहायचं? भिंतीला कोणी विचारतं का तुझा हिस्सा किती? अशा माणसाशी भांडून काय मिळणार? डोकं दगडावर आपटलं तर निदान आवाज तरी येतो.

"लव्हॉन, मला एक कोरा फॉर्म दे," ती म्हणाली.

फॉर्म आला. मार्लिसने तो बॉनेटवर पसरला, वारा उडवू नये म्हणून कोपर दाबलं आणि भराभर लिहीत सुटली. नाव, पत्ता, तारीख मेची चौदा, गुरं एकोणऐंशी. चौदाव्या रकान्यात तिने लिहिलं: मार्लिस वाव्रा, पन्नास टक्के. वेंडेल वाव्रा, पन्नास टक्के.

म्हाताऱ्याचे कान गेले होते, डोळे शाबूत होते. त्याने काचेतून उलटं वाचलं आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "ए पोरी! काय करतेस? तुझ्या बापाच्या गाई आहेत त्या!"

"आहेत! आणि त्यांना हिवाळ्यात गवत कोणी घातलं? आडवं आलेलं वासरू फेब्रुवारीत बर्फात पालथं पडून कोणी ओढून काढलं? दाखवा तुमच्या वहीत ते पान!"

म्हाताऱ्याने डोकं परत आत घेतलं.

"मार्लिस, राहू दे," वेंडेल हलक्या आवाजात म्हणाला. "तुझं आहे, तुझंच लिही."

"तू गप्प बस. इतकी वर्षं बसलास ना, अजून दोन मिनिटं बस."

लव्हॉन अवघडली होती. ती एका पायावरून दुसऱ्या पायावर झाली. "तसं चालेल. पण वेंडेलचं नाव आमच्या मशीनमध्ये नाही ना. तेव्हा अजून एक कागद लागेल." तिने पॅडखालून एक अर्धा कागद काढला. त्यावर चौकटी होत्या. तिने एका चौकटीवर पेनाचं टोक ठेवलं आणि वेंडेलकडे न बघता म्हणाली, "ज्याच्या नावावर आजवर जनावर नव्हतं, त्याला इथे खूण करावी लागते. नियम आहे. मी केलेला नाही."

मार्लिसने वाचलं. चौकटीपुढे लिहिलं होतं: नवशिका पशुपालक.

"नवशिका?" ती म्हणाली. "लव्हॉन, तुझ्या डोळ्यांदेखत मोठा झालाय तो! या काउंटीतल्या निम्म्या घोड्यांना खोगीर त्याने शिकवलंय! नवशिका?"

"मला ठाऊक आहे गं. मशीनला ठाऊक नाही."

"काय म्हणतेय ती?" म्हाताऱ्याने गाडीतून विचारलं.

लव्हॉनने कागद वेंडेलपुढे सरकवला.

"अरे, काय म्हणतेय ती?"

वेंडेलने तो कागद उचलला, नीट वाचला. मग तो खिडकीशी गेला, बापाच्या कानाशी वाकला, आणि मार्लिसने लग्न झाल्यापासून कधी ऐकला नव्हता एवढ्या मोठ्या आवाजात म्हणाला, "ती म्हणतेय, मी नवशिका आहे! तुमच्या गुरांत मी इतकी वर्षं काय करत होतो ते कुठे लिहिलेलंच नाही, डॅड!"

पायरीवरच्या दोघांनी या वेळी आभाळाकडे बघितलं नाही. म्हातारा समोर काचेकडे बघत बसला. त्याचा हात शर्टच्या खिशाकडे गेला, लाल वहीपर्यंत पोचला आणि तिथेच थांबला.

वेंडेल बॉनेटशी परत आला. त्याने पिशवीतून पेन काढलं, नवशिका या चौकटीत खूण केली आणि मार्लिसच्या फॉर्मवर तिच्या सहीखाली सही केली. सही करून झाल्यावर तो कागदाकडे बघत राहिला. लव्हॉन वाकली, तिने वाचलं आणि तीही तशीच उभी राहिली. बाजारात वासरांच्या वजनाच्या चिठ्ठीवर, पेंडीच्या पावतीवर, जनावरांच्या डॉक्टरच्या बिलावर, आयुष्यभर त्याने जी सही केली होती तीच हाताने केली होती. ऑर्विल वाव्रा, आणि खाली बारीक अक्षरात, तर्फे वेंडेल.

"चुकलं," वेंडेल म्हणाला. "हात गेला."

मार्लिसला त्याच्यावर ओरडायचं होतं. एवढा द्राविडी प्राणायाम करून शेवटी हे! लव्हॉन दुसरा फॉर्म आणायला आत गेली. तिला यायला पाच-सहा मिनिटं लागली. मार्लिसने नवा फॉर्म पुन्हा पहिल्यापासून भरला आणि सही करून नवऱ्यापुढे सरकवला.

त्याने पेन टेकवलं आणि उचललं. गाडी मघापासून चालूच होती, म्हाताऱ्याला निघायची घाई, आणि बॉनेट त्याच्या हाताखाली थरथरत होतं.

"डॅड, बंद करा ती गाडी!" मार्लिस बॉनेटवर थाप मारून ओरडली. "लिहिता येत नाहीये त्याला!"

म्हाताऱ्याला ऐकू गेलं की त्याने बघूनच ओळखलं, कोण जाणे. तो काचेतून मुलाच्या हाताकडे बघत होता. त्याने किल्ली फिरवली.

आवार एकदम शांत झालं. वेंडेलने डाव्या हाताने कागद धरला आणि एकेक अक्षर सुटं काढत, थांबत थांबत, फक्त स्वतःचं नाव लिहिलं.